स्वस्त तिकीट घडलं ते जमिनीवर

१९७२ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात साउथवेस्ट ही विमान कंपनी जेमतेम वर्षभराची होती. चार विमानं, आणि तिजोरीत खडखडाट. देणी भागवण्यासाठी तिनं चौथं विमान विकून टाकलं. वेळापत्रक मात्र चार विमानांवर बेतलेलं होतं, आणि फेऱ्या कमी केल्या असत्या तर नुकतेच जमलेले प्रवासी हातचे गेले असते. जमिनीवरच्या कामाची जबाबदारी असलेल्या बिल फ्रँकलिन यांनी हिशोब मांडला. तीन विमानांत चारांचं काम होऊ शकेल, पण प्रत्येक विमान आल्यावर दहा मिनिटांत परत निघालं पाहिजे.

माझी सगळी नोकरी मुंबईच्या विमानतळावर मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर गेली, त्यामुळे ही दहा मिनिटं म्हणजे काय ते मला नीट समजतं. विमान थांबलं की आधी चाकांना चॉक्स, म्हणजे अडसर लागतात. मग शिडी येते, प्रवासी उतरतात, खालून सामान निघतं, वरून खाण्याच्या ट्रॉल्या जातात, इंधनाचा टँकर लागतो, सफाईवाले आत शिरतात. इंजिनिअर विमानाभोवती फेरी मारतो : टायर, ब्रेक, इंजिनाच्या पंख्याची पाती, कुठे तेल गळतंय का, पक्षी आदळल्याचा डाग आहे का. वैमानिकानं वहीत बिघाड नोंदवला असेल तर तो दुरुस्त करून सही करायची. आमच्याकडे एवढ्याला पाऊण-एक तास लागला तरी कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

साउथवेस्टच्या लोकांनी यातलं एकेक काम उचललं आणि याची खरंच गरज आहे का, असं विचारलं. तासाभराच्या प्रवासात जेवण कशाला? ते बंद झालं आणि त्याबरोबर ट्रॉल्या चढवण्या-उतरवण्याचा वेळही वाचला. आसन क्रमांक दिले नाहीत, कारण क्रमांक नसले की माणसं लवकर येतात आणि मिळेल तिथे बसतात. प्रवासी उतरत असतानाच हवाई सेविका मागच्या रांगेपासून आवरायला घ्यायच्या. गरज पडली तर वैमानिकही सामानाला हात लावायचे. विमानाची निवडही नेमकी होती. बोइंग ७३७ चं पोट जमिनीलगत असतं, त्यामुळे सामान हातानंच चढवता येतं. शिवाय सगळी विमानं एकाच जातीची. बाहेरच्या माणसाला याचं महत्त्व सहसा कळत नाही. आमचा परवाना विमानाच्या जातीवर मिळतो. ७३७ वर सही करणारा इंजिनिअर वेगळ्या परवान्याशिवाय दुसऱ्या जातीच्या विमानावर सही करू शकत नाही. जाती वाढल्या की इंजिनिअर, सुटे भाग, प्रशिक्षण, सगळंच वाढत जातं.

साउथवेस्ट मुळात उडू शकली हीच नवलाची गोष्ट होती. त्या काळी अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विमानांचं भाडं सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड ठरवायचं. राज्याच्या हद्दीत राहणाऱ्या विमानावर मात्र त्याचा अधिकार चालत नसे. ही फट मोठी केली कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सनं. १९४९ च्या मे महिन्यात भाड्यानं घेतलेल्या एका डीसी-३ विमानावर तिनं सॅन डिएगोहून ओकलंडची सेवा सुरू केली. साउथवेस्ट उभारणाऱ्या टेक्सासच्या रॉलिन किंग आणि हर्ब केलेहर यांनी तोच धडा गिरवला. कॅलिफोर्नियाच्या लोकांनीही मन मोठं करून त्यांना आपली कार्यपद्धती उघडून दाखवली. टेक्सासमधल्या जुन्या कंपन्यांनी मात्र केलेहर यांना वर्षानुवर्षं कोर्टात अडकवलं. १९७० साली निकाल बाजूनं लागला आणि १८ जून १९७१ ला डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो ही तीन शहरं जोडणारी पहिली उड्डाणं निघाली. भाडं २० डॉलर, प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी.

या इतिहासात मला सर्वांत आवडणारी गोष्ट त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधली. दर शुक्रवारी रात्री एक विमान ह्यूस्टनहून डॅलसला रिकामं आणलं जायचं, शनिवार-रविवारच्या देखभालीसाठी. विमान यायचंच होतं, इंधन जळायचंच होतं. कंपनीचे प्रमुख लमार म्यूज म्हणाले, या फेरीचं तिकीट १० डॉलरला विका. विमान बघता बघता भरू लागलं. दिवसा कामाला जाणाऱ्यांसाठी एक भाडं आणि आडवेळेला जाणाऱ्यांसाठी दुसरं, ही साउथवेस्टची पद्धत यातूनच उभी राहिली. तिची सुरुवात देखभालीच्या विमानातून व्हावी याचा मला आमच्या पेशाबद्दल अभिमान वाटतो.

१९७८ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि अमेरिकेत भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठायला लागलं. तोवर इंग्लंडच्या फ्रेडी लेकर यांनी लंडन ते न्यू यॉर्क ५९ पौंडांत नेऊन दाखवलं होतं. १९७७ मध्ये सुरू झालेली त्यांची स्कायट्रेन १९८२ च्या फेब्रुवारीत कर्जाखाली बुडाली. माणूस धाडसी होता, पण समुद्रापलीकडच्या लांब प्रवासात जमिनीवरची मिनिटं वाचवून मोठा फायदा होत नाही. ते गणित जवळच्या अंतरावरच जमतं, आणि तिथेच ते रुजलं. आयर्लंडच्या रायनएअरनं ते टेक्सासला जाऊन शिकून घेतलं आणि २५ मिनिटांत विमान परत फिरवण्याची शिस्त युरोपात नेली.

आपल्याकडे १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. त्या सुमारास आलेल्या खाजगी कंपन्यांनी सेवा चांगली दिली, भाडं मात्र वरच ठेवलं. सामान्य माणसाचा विचार केला तो कॅप्टन गोपीनाथ यांनी. एके काळचे सैनिक आणि मग शेतकरी असलेल्या या माणसानं २००३ च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू ते हुबळी अशी एअर डेक्कनची पहिली सेवा सुरू केली. आर. के. लक्ष्मण यांचा धोतर-कोटातला कॉमन मॅन त्यांनी कंपनीचं बोधचिन्ह म्हणून घेतला. पेट्रोल पंपावर तिकीट मिळू लागलं.

त्यांनी निवडलेलं एटीआर हे लहान विमान आमच्यातल्या कित्येकांना किरकोळ वाटायचं. मला ती निवड फार शहाणपणाची वाटली. एटीआरच्या मागच्या दारालाच पायऱ्या असतात, वेगळी शिडी लागत नाही. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवता येतो आणि इंजिन मात्र चालूच राहतं, त्यावर विमानाला वीज आणि थंड हवा मिळते. म्हणजे ज्या गावच्या विमानतळावर एक धावपट्टी आणि एक खोली याखेरीज काही नाही, तिथेही हे विमान उतरून, माणसं घेऊन, कुणाच्या मदतीवाचून निघू शकतं. पुढे ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना लँडिंग शुल्कही माफ झालं. लहान गावं विमानाच्या नकाशावर आली त्यात या यंत्राचा वाटा मोठा आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये उडान योजनेत नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली, तीही एटीआरवरच.

डेक्कन मात्र टिकली नाही. सेवेतली गावं भराभर वाढली, त्या मानानं जमिनीवरची माणसं आणि व्यवस्था वाढली नाही. विमानं उशिरा धावू लागली, तोटा वाढला आणि २००७ मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली. २००६ मध्ये आलेल्या इंडिगोनं सुरुवातीपासून एकाच जातीची नवी एअरबस विमानं घेतली आणि पायऱ्यांच्या शिडीऐवजी उतार असलेला रॅम्प आणला, म्हणजे म्हातारी माणसं आणि व्हीलचेअरही पटकन वर जातात. मुंबईत तर शिस्तीला पर्यायच नव्हता. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. इथे हुकलेल्या पाच मिनिटांचे नंतर रांगेत वीस होतात.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सांगतो. विमान दर उड्डाणाला आतून हवेच्या दाबानं किंचित फुगतं आणि उतरताना पुन्हा आक्रसतं. दिवसाला फेऱ्या जास्त, म्हणजे पत्र्याला हा ताण जास्त वेळा. १९८८ साली हवाई बेटांवरच्या अलोहा कंपनीच्या ७३७ विमानाचं छत आकाशात उडून गेलं आणि एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली. छोट्या छोट्या फेऱ्या करत त्या विमानानं जवळपास ९० हजार उड्डाणं केली होती. म्हणजे जमिनीवर जितका वेळ वाचवाल, तितकी विमानाची तपासणी वाढवावी लागते. ज्या साउथवेस्टनं जगाला दहा मिनिटं शिकवली, तिचीच ४६ विमानं सक्तीची तपासणी न होता हजारो फेऱ्या उडत राहिल्याचं २००८ मध्ये उघड झालं. नंतरच्या तपासणीत सहा विमानांच्या पत्र्यात तडे सापडले. सुदैवानं अपघात झाला नाही. कंपनीनं ७५ लाख डॉलर दंड भरला.

जेवणाची मिनिटं वाचवावीत, सामानाची वाचवावीत, रांगेची वाचवावीत. इंजिनिअरच्या फेरीची आणि सहीची मिनिटं वाचवायची नसतात, आणि तसा दबाव आणणारी कंपनी कितीही स्वस्त असली तरी मी तिला चांगली म्हणणार नाही. प्रवाशांना माझी एवढीच विनंती आहे : दार बंद व्हायच्या आत आपापल्या जागेवर बसा, आणि तांत्रिक कारणानं उशीर झाल्याची घोषणा झाली तर खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याचा वेळ घेऊ द्या.