फुप्फुसाच्या कर्करोगाचे संगणकीय प्रतिमावाचन : 'योग्य उत्तरा'चा इतिहास

यंत्राला शिकवायचे म्हणजे त्याच्यापुढे असंख्य उदाहरणे ठेवायची आणि प्रत्येकाचे योग्य उत्तर त्याला सांगायचे, ही यंत्र-अध्ययनाची मूळ कल्पना आता सर्वपरिचित आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रतिमांबाबत मात्र हे योग्य उत्तर कोणाकडून आणायचे, हा प्रश्न संशोधकांना सतत पुरून उरला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अंगाने, विशेषतः शिकागो विद्यापीठातील सॅम्युएल आर्माटो यांच्या कार्याच्या आधारे, या क्षेत्राच्या इतिहासाचा विचार केला आहे.

१९६३ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ ग्विलिम लॉडविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या क्ष-किरण चित्रांतील लक्षणे अंकांत मांडण्याची पद्धत 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. चित्र डॉक्टर पाहत, लक्षणांना अंक देत आणि हिशेब तेवढा संगणक करी. पाहणारा डोळा माणसाचाच होता. त्यामुळे 'योग्य उत्तरा'चा प्रश्न तेव्हा फारसा टोकदार झाला नाही.

ऐंशीच्या दशकात शिकागो विद्यापीठातील कुनिओ डोई यांच्या प्रयोगशाळेने वेगळी भूमिका घेतली. संगणकाने डॉक्टरची जागा घ्यायची नाही, दुसऱ्या डॉक्टरच्या मतासारखे आपले मत पुढे ठेवायचे, ही ती भूमिका होय. १९८८ मध्ये मेरीएलन गायगर, डोई आणि हीबर मॅकमहॉन यांनी छातीच्या चित्रातील गाठी आपोआप हुडकण्याची पद्धत मांडली. एकाच चित्राची दोन रूपे करावयाची, एकात गाठ ठळक व दुसऱ्यात पुसट, आणि एकातून दुसरे वजा करावयाचे; फासळ्यांची पार्श्वभूमी त्यामुळे मावळते, अशी ही युक्ती होती. तरीही रक्तवाहिनी व फासळी जेथे एकमेकींना छेदतात तेथे यंत्राला गाठ दिसे. १९९५ मध्ये लो व सहकाऱ्यांनी याच कामासाठी कन्व्होल्यूशन न्यूरल नेटवर्क वापरून पाहिले. आजच्या डीप लर्निंगचा गाजावाजा ऐकताना या प्रयत्नाचे स्मरण क्वचितच होते.

पुढे सी.टी. स्कॅनचा प्रसार झाला. एका रुग्णाच्या शेकडो काप-प्रतिमा तपासावयाच्या असल्याने संगणकाच्या साहाय्याची गरज वाढली, आणि प्रत्येक गट आपल्याच रुग्णालयातील चित्रांवर आपली प्रणाली तपासत असल्याने निष्कर्षांची तुलना अशक्य झाली. या अडचणीतून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने फुप्फुस-प्रतिमांचा सामाईक संग्रह उभा राहिला. त्याचा समग्र वृत्तांत आर्माटो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. सात शैक्षणिक केंद्रे, आठ कंपन्या आणि १,०१८ स्कॅन असा त्याचा विस्तार आहे.

संग्रहाच्या आकारापेक्षा त्यातील वाचनपद्धती अधिक महत्त्वाची आहे. प्रत्येक स्कॅन चार तज्ज्ञांनी प्रथम स्वतंत्रपणे पाहिला. नंतर इतर तिघांच्या खुणा, नावे झाकून, प्रत्येकापुढे ठेवण्यात आल्या आणि स्वतःचे मत बदलण्याची मुभा देण्यात आली. एकमताची सक्ती मात्र केली नाही. तीन मिलिमीटर वा त्याहून मोठी गाठ म्हणून किमान एका तज्ज्ञाने खूण केलेल्या जागा २,६६९ भरल्या. चौघांचेही एकमत झालेल्या जागा होत्या केवळ ९२८, म्हणजे सुमारे ३५ टक्के. हा आकडा दुसऱ्या वाचनानंतरचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. एकमेकांच्या खुणा पाहूनही चौघे अनुभवी डॉक्टर गाठ कोठे आहे याबाबत सहमत होत नव्हते.

'सत्य' कोणते मानावे यावर डॉक्टरांच्या कामगिरीचे मोजमापही बदलते, असे आर्माटो यांच्या गटाने २००९ मध्येच दाखवून दिले होते. हे मतभेद झाकता आले असते. ते जसेच्या तसे जतन केले गेले, हे प्रस्तुत लेखकास या कार्याचे सर्वांत मोठे श्रेय वाटते. २०१६ मध्ये याच संग्रहातील ८८८ स्कॅनवर 'लुना' ही संगणकीय स्पर्धा भरली, तेव्हा चारपैकी तिघांनी मान्य केलेल्या १,१८६ गाठी सत्य ठरल्या. येथे बहुमत हा व्यवहाराचा तोडगा होता. शरीरातील पेशी मतदान करीत नाहीत.

गाठ आहे की नाही याहून ती कर्करोगाची आहे काय, हा प्रश्न वेगळा. अमेरिकेतील राष्ट्रीय फुप्फुस तपासणी चाचणीत ५३,४५४ जणांचा समावेश होता. कमी मात्रेच्या सी.टी.मुळे या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे तीत २०११ मध्ये दिसले, परंतु सी.टी.ने संशयास्पद ठरवलेल्या निष्कर्षांपैकी ९६.४ टक्के कर्करोगाचे नव्हते. प्रत्येक खोट्या इशाऱ्यामागे पुढील तपासण्या, खर्च आणि भीती असते. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रणाली या चाचणीच्या स्कॅनवरच घडवली गेली. तिचे 'योग्य उत्तर' डॉक्टरांच्या खुणांवरून नव्हे, तर पुढे कर्करोग सिद्ध झाला की नाही यावरून ठरले, ही निःसंशय प्रगती होय. मात्र ती माणसे ५५ ते ७४ वयाची, दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेली आणि अमेरिकेतील होती.

आपल्याकडे क्षयरोगाचे बरे झालेले व्रण असंख्य फुप्फुसांत आढळतात, आणि चित्रात ते गाठीसारखे दिसू शकतात. अशी गाठ निरुपद्रवी आहे हे ठरवण्याचा जुना, खात्रीचा मार्ग म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी तुलना करून ती वाढलेली नाही हे पाहणे. ते जुने चित्र रुग्णालयाच्या संगणकात बहुधा सापडत नाही. ते रुग्णाच्या घरी, प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटावर ठेवलेले असते.