‘ब्लूनोज’ची बांधणी

कोणत्याही मोठ्या इमारतीच्या कोनशिलेवर थोर पाहुण्याचे नाव असते. ज्यांनी विटा वाहिल्या, त्यांची नावे शोधावी लागतात. जहाजांचेही तसेच आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील ‘ब्लूनोज’ या दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या स्कूनरची हकीकत आम्ही याच दृष्टीने सांगणार आहोत.

१९२० साली मासेमारी करणाऱ्या स्कूनरांची आंतरराष्ट्रीय शर्यत सुरू झाली. पहिला चषक अमेरिकेतील ग्लॉस्टर बंदराने नेला. तो मिळवण्यासाठी नव्या जहाजाचा आराखडा हॅलिफॅक्सच्या विल्यम रूए यांनी काढला. रूए घरच्या शीतपेयांच्या धंद्यात काम करीत. नौकारचनेचे शास्त्र ते स्वतःच शिकले होते. लुनेनबर्ग येथील स्मिथ आणि रूलंड यांच्या गोदीत कणा बसविताना गव्हर्नर-जनरलनी सोन्याचा खिळा ठोकला. पुढचे सारे खिळे अर्थात सुतारांनी ठोकले! ओक, स्प्रूस, बर्च, पाइन ही लाकडे त्याच प्रांतातली. २६ मार्च १९२१ रोजी १४३ फूट लांबीची ‘ब्लूनोज’ पाण्यात उतरली.

बांधणी चालू असतानाच नाळेकडचा भाग मूळ आराखड्याहून सुमारे दीड फूट उंच करण्यात आला. कारण साधे होते. तेथे खलाशी राहत. त्यांच्या डोक्यावर पुरेशी जागा असावी. या उंचीने जहाजाची चाल बिघडली नाही. त्याच वर्षी ‘ब्लूनोज’ने चषक जिंकला आणि १९३८ सालची शेवटची शर्यतही तिनेच जिंकली.

पण शर्यत थोड्या दिवसांची, पोट बारमाही. दोन-दोन माणसे ‘डोरी’ नावाच्या लहान होडीतून दूर जाऊन गळांच्या दोऱ्या टाकीत. ठरलेला पगार नाही; मिळेल त्या मासळीत वाटा. १९२६ आणि १९२७ च्या ऑगस्टमधील वादळांत लुनेनबर्गच्या स्कूनर माणसांसह बुडाल्या. १९३७ च्या अखेरीस मासळीला वाढीव भाव मिळावा म्हणून तेथील मच्छीमारांनी जहाजे बंदरात उभी केली, तेव्हा ‘ब्लूनोज’चा कप्तान अँगस वॉल्टर्स त्यांच्या संघटनेचा पुढारी होता.

त्याच १९३७ सालापासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर स्कूनर झळकू लागली. खुद्द ‘ब्लूनोज’ मात्र मालवाहतुकीसाठी विकली गेली आणि १९४६ साली हैतीजवळच्या खडकांवर फुटली. १९६३ साली त्याच गोदीत, त्याच आराखड्यावरून ‘ब्लूनोज २’ बांधली गेली. पहिल्या वेळचे काही कारागीरही त्या कामावर होते.

नाण्यावर शिडे दिसतात, खलाशांची खोली दिसत नाही. आम्ही मात्र तो दीड फूट ध्यानात ठेवतो. कष्टकऱ्याला डोके वर करण्याइतकी जागा दिली, म्हणून जहाज काही मागे पडले नाही.