ग्वाल्हेरचे शून्य आणि वॉशिंग्टनची परिषद

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुजाचे लहानसे मंदिर लागते. तेथील शिलालेख विक्रम संवत् 933 चा, म्हणजे इ. स. 876 चा आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी 270 हात व रुंदी 187 हात असून तीतून रोज 50 हार देवाला मिळावेत, असे त्यात नमूद आहे. या 270 मधील आणि 50 मधील शून्य आजच्याप्रमाणेच वाटोळे आहे. कोरणाऱ्याला त्याचे नवल वाटले नसावे. तो व्यवहारातला अंक होता आणि त्यावर कोणाचीच मालकी नव्हती.

याच ग्वाल्हेरात, शिंदेशाहीच्या काळापासून मराठी घराणी जेथे नांदत आली तेथे, नरेंद्र करमरकर यांचा जन्म एका मराठी कुटुंबात झाला. मुंबईच्या आय. आय. टी. तून 1978 मध्ये विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले. 1983 मध्ये बर्कली येथे डॉक्टरेट मिळवून ते बेल प्रयोगशाळेत संशोधन करू लागले.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न दिसण्यात साधा होता. साधने मोजकी, गरजा अनेक. तेव्हा कमीत कमी खर्चात वाटणी कशी करावी? विमानांच्या फेऱ्या, दूरध्वनीच्या तारा, गिरण्यांचा कच्चा माल, सर्वत्र हाच हिशेब. रशियात कांटोरोविच यांनी 1939 मध्ये या शास्त्राचा पाया घातला. अमेरिकेत डँटझिग यांनी 1947 मध्ये त्याची प्रसिद्ध रीत काढली. शक्य असलेली सर्व उत्तरे मिळून अनेक कोपऱ्यांची जणू एक आकृती होते, आणि डँटझिग यांची रीत किल्ल्याच्या तटावरून बुरुजाबुरुजाने चालावे तशी एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जाते. व्यवहारात ती उत्तम चाले. परंतु काही उदाहरणांत तिला अगणित बुरुज ओलांडावे लागतात, हे 1972 मध्ये क्ली व मिंटी यांनी दाखविले. 1979 मध्ये सोव्हिएत गणितज्ञ खाचियान यांनी वेळेची हमी देणारी रीत दिली, पण प्रत्यक्षात ती फार मंद ठरली.

1984 च्या एप्रिलअखेरीस संगणनाच्या सिद्धान्तावरील सोळावी वार्षिक परिषद वॉशिंग्टनमध्ये भरली. तिच्या इतिवृत्तात करमरकरांचा निबंध अवघा दहा पानांचा आहे. तट सोडून किल्ल्याच्या आतूनच वाट काढावी आणि प्रत्येक पावलानंतर आकृतीचे असे रूपांतर करावे की आपण पुन्हा मध्याजवळ यावे, ही त्यातील कल्पना. वेळेची हमीही होती आणि वेगही होता. 19 नोव्हेंबर रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली.

येथूनच वादाला तोंड फुटले. नवी रीत जुनीपेक्षा पन्नास पट वेगवान असल्याचा दावा झाला, पण प्रत्यक्ष कार्यवाहीचा तपशील कंपनीने उघड केला नाही; मग इतरांनी पडताळा घ्यावा कसा? 1986 मध्ये पाच संशोधकांनी या रीतीचे 1960 च्या दशकातील एका जुन्या पद्धतीशी असलेले नाते सिद्ध केले. तरीही 1988 मध्ये एटी अँड टी कंपनीला तिचे पेटंट मिळाले. या रीतीसाठी खास बांधलेल्या यंत्रणेची किंमत होती 89 लाख डॉलर, आणि पहिले गिऱ्हाईक होते अमेरिकेचे संरक्षण खाते. गणिताच्या युक्तीवर मालकी सांगता येते काय, हा प्रश्न त्यामुळे जगभर चर्चिला गेला.

काळाने त्याचे उत्तर आपल्या परीने दिले. परिषदेत मांडलेली मूळ कल्पना सर्वांसमोर होती. देशोदेशींच्या गणितज्ञांनी ती सुधारली, वाढविली, आणि 'अंतर्बिंदू पद्धती'ची एक शाखाच उभी राहिली. 2006 मध्ये पेटंटची मुदत संपली. आज दूरच्या असंख्य संगणकांवर कामे वाटून देणाऱ्या, 'क्लाउड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेपुढेही मोजक्या साधनांच्या वाटणीचा तोच हिशेब आहे. महाग यंत्रणा इतिहासजमा झाली. परिषदेतील ती दहा पाने मात्र अजून अभ्यासली जातात, आणि ग्वाल्हेरच्या भिंतीवरील शून्य तर साऱ्या जगाचेच झाले आहे.