भुलीची भीती आणि आजोबांची स्मरणशक्ती

"बुढ्याले भूल देल्ली, तवापासून त्याले काही याद नाही राहत." अमरावती-अकोल्याकडे हे वाक्य नवीन नाही. याच भीतीने खुब्याचं हाड मोडलेल्या आजीचं ऑपरेशन लांबवलं जातं. मग अंथरुणावर पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. म्हणून या भीतीचा इतिहास समजून घेऊ.

आधी प्रश्न जिवाचा होता

१८४६ मध्ये बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आलं. क्लोरोफॉर्मने काही रुग्ण टेबलावरच दगावत. त्याचं कारण शोधायला १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला निजामाच्या खर्चाने दोन आयोग बसले. आपला वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या कारभारात असला, तरी नावाने निजामाचाच मुलूख होता. आयोगापुढे प्रश्न होता, आधी श्वास थांबतो की हृदय? बुद्धीचं काय होतं, हा विचार तिथे नव्हता. तो १८८७ मध्ये इंग्लंडमधले मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज सॅव्हेज यांनी मांडला होता. भुलीनंतर मानसिक आजार झालेल्या रुग्णांची माहिती त्यांनी प्रसिद्ध केली.

नातेवाइकांचं म्हणणं

१९५५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर बेडफर्ड यांनी भूल दिलेल्या १,१९३ वयस्क रुग्णांचा आढावा घेतला. 'ऑपरेशननंतर ते पहिल्यासारखे राहिले नाहीत,' असं नातेवाईक सांगत. हे बोलणं झटकून टाकू नये, असं त्यांचं मत होतं. त्यांचा संशय भुलीच्या औषधांवर आणि रक्तदाब उतरण्यावर होता.

मोजमाप पक्कं झालं ते १९९८ मध्ये. अनेक देशांतल्या साठीपुढच्या १,२१८ रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या. मोठ्या ऑपरेशननंतर आठवड्याने सुमारे २६ टक्के जणांत घट दिसली, तीन महिन्यांनी सुमारे १० टक्के जणांत. म्हणजे त्रास खरा आहे, पण बहुतेकांचा ओसरतो.

मग दोषी भूलच का?

तसं असतं, तर कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या ऑपरेशननंतर हा त्रास कमी दिसायला हवा होता. २०२१ आणि २०२२ मध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. पूर्ण भूल आणि कमरेखालची भूल, दोन्ही गटांत 'डेलिरियम'चं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. डेलिरियम म्हणजे अचानक येणारा भ्रम: रुग्ण बडबडतो, माणसं ओळखत नाही, किंवा नुसताच गुंगीत पडून राहतो. हा भ्रम झालेल्यांत पुढे स्मरणशक्ती घटण्याचा धोका जास्त असतो. वय, आधीचा विसरभोळेपणा, जंतुसंसर्ग, वेदना, शरीरातलं पाणी कमी होणं, झोपमोड, झोपेच्या काही गोळ्या, असं सगळं मिळून तो होतो.

यातल्या बऱ्याच गोष्टी टाळता येतात, हे अमेरिकेत शेरॉन इनोये यांनी १९९९ मध्ये दाखवलं. सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांपैकी नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के जणांना भ्रम झाला, तर विशेष काळजी घेतलेल्या गटात सुमारे १० टक्के जणांना. हे रुग्ण ऑपरेशनचे नव्हते. पण २००१ मध्ये खुब्याच्या ऑपरेशनच्या १२६ रुग्णांत वृद्धांच्या तज्ज्ञांनी रोज लक्ष घातलं, तेव्हा हे प्रमाण ५० वरून ३२ टक्क्यांवर आलं.

आपण काय करायचं?

इनोये यांच्या उपक्रमात बोलायला, चालवायला, पाणी पाजायला स्वयंसेवक तयार करावे लागले. आपल्याकडे खाटेपाशी घरचं माणूस असतंच. त्याने एवढं करावं:

- विसरभोळेपणा, कमी ऐकू येणं, दारू, झोपेच्या गोळ्या, याची माहिती ऑपरेशनआधीच डॉक्टरांना द्या.
- चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी सोबत न्या. डॉक्टरांनी परवानगी देताच परत लावा.
- पाणी कधी बंद आणि कधी सुरू, ते विचारून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं.
- दिवसा उजेड, गप्पा, वार-तारखेची आठवण, रात्री शांतता.
- डॉक्टर सांगतील तेव्हा लवकर उठवा, चालवा. दुखणं अंगावर काढू देऊ नका.
- अचानक भ्रम दिसला, तर 'वयामुळे' म्हणून सोडू नका. लगेच सिस्टरांना किंवा डॉक्टरांना सांगा. मनाने झोपेची गोळी देऊ नका.

गरजेचं ऑपरेशन भुलीच्या भीतीने टाळू नका. ऑपरेशनच्या आधी आणि नंतरच्या काळजीबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.