नैरोबीचे एक टिपण

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. नैरोबीच्या विद्यापीठ-महाविद्यालयातील इंग्रजी विभाग मात्र तेवढा झाला नव्हता. २४ ऑक्टोबर १९६८ रोजी न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवूर-अन्युम्बा आणि ताबान लो लियाँग या तिघांनी एक टिपण लिहून तो विभाग बरखास्तच करा, अशी मागणी केली. वाङ्मयाभ्यासाच्या केंद्रस्थानी आफ्रिका असावी आणि इंग्रजी साहित्याने इतर साहित्यांच्या पंगतीस बसावे, हे त्यांचे म्हणणे.

आम्हांस त्यातील मौखिक साहित्याचा आग्रह अधिक मोलाचा वाटतो. कथा, गाणी, म्हणी यांच्या संशोधनाला लंडनच्या ग्रंथालयावाचून अडत नाही. ते धन गावोगावी लोकांच्या मुखी असते. गरीब देशातील विद्यापीठ संशोधनात पुढाकार घेऊ शकते ते असे, आपले प्रश्न आपण ठरवून. (आमच्या वर्गात लोकसाहित्य पर्यायी विषयच राहिले, हेही कबूल करावयास हवे.)

पुढे तेथे साहित्य विभाग उभा राहिला, न्गुगी त्याचे प्रमुखही झाले. अभ्यासक्रम बदलला तोवर सरकारने सोसले. कामिरीथूच्या गावकऱ्यांबरोबर गिकुयू भाषेत नाटक उभे राहिले, ते सोसवले नाही. डिसेंबर १९७७ अखेर न्गुगींना खटल्याविना डांबण्यात आले. वर्षभराने ते सुटले. विद्यापीठातील जागा त्यांना परत मिळाली नाही.