अपराजित, परंतु तिसरा

शर्यतीत जो सर्वांच्या पुढे तो विजयी, हा न्याय लहान मुलालाही समजतो. परंतु खेळाला जागतिक स्पर्धेचे रूप आले की हा सरळ न्याय पुरेसा पडत नाही. मग फेऱ्या येतात, गुण येतात आणि त्या गुणांचा हिशेब ठेवणारे नियमही येतात. हा हिशेब प्रत्यक्ष शर्यतीवर कशी मात करू शकतो, याचे एक विलक्षण उदाहरण १० सप्टेंबर १९३६ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर घडले. स्पीडवे नावाच्या मोटारसायकल-शर्यतींच्या पहिल्या जागतिक अजिंक्यपदाचा निकाल त्या रात्री लागावयाचा होता.

हा खेळ मूळचा ऑस्ट्रेलियाचा. न्यू साऊथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे १९२३ च्या डिसेंबरात झालेल्या शर्यतींपासून त्याचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. तेथून तो इंग्लंडात आला. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच येथे झालेल्या शर्यतींना अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी लोटली आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडातील शहराशहरांतून स्पीडवेचे संघ उभे राहिले. या खेळातील मोटारसायकलीला ब्रेक नसतो. लंबवर्तुळाकार रिंगणातून चार स्वार एकाच वेळी सुटतात आणि डावीकडे वळत चार वेढे पुरे करतात. वळणावर वेग कमी करावयाचा नसतो. मागचे चाक हेतुपुरस्सर बाहेर घसरू द्यावयाचे, पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेला धरावयाचे आणि डावा पाय जमिनीला टेकवून तोल सांभाळावयाचा, असे हे कसब आहे. दीड मिनिटाच्या आत सारा खेळ आटोपतो.

वेम्बलीच्या अंतिम सामन्यात सोळा स्वार होते. प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडेल अशा बेताने वीस शर्यती आखलेल्या होत्या. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक गुण, अशी वाटणी होती. प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती येत असल्यामुळे एका रात्रीत कोणालाही अधिकात अधिक पंधरा गुण मिळविता येत. परंतु या गुणांत आणखी एक बेरीज व्हावयाची होती. आधीच्या पात्रता फेऱ्यांतील कामगिरीनुसार प्रत्येक स्वाराने काही अधिक गुण गाठीस बांधूनच अंतिम सामन्यात पाऊल टाकले होते. यामागचा हेतू वाईट नव्हता. एखाद्या रात्री यंत्र बिघडते, एखाद्या वळणावर दुसऱ्याच्या चुकीने स्वार कोसळतो. अशा एका अपघाताने साऱ्या मोसमाची मेहनत मातीमोल होऊ नये, हा त्यातला विचार होता.

सुमारे ७४,००० प्रेक्षकांसमोर शर्यती सुरू झाल्या. ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन याने आपल्या पाचही शर्यती जिंकल्या आणि पुरे पंधरा गुण मिळविले. त्याचाच देशबंधू लायोनेल व्हॅन प्राग याला चौदा, तर इंग्लंडच्या एरिक लँग्टन याला तेरा गुण मिळाले. व्हॅन प्राग केवळ विल्किन्सनकडूनच हरला होता. परंतु गाठीचे गुण नेमके उलट्या क्रमाने होते. लँग्टनचे तेरा, व्हॅन प्रागचे बारा आणि विल्किन्सनचे दहा! बेरीज केली तेव्हा लँग्टन आणि व्हॅन प्राग प्रत्येकी सव्वीस गुणांवर आले व विल्किन्सन पंचवीसांवर राहिला. त्या रात्री ज्याला कोणीही हरवू शकले नाही, तो तिसरा ठरला.

उरलेल्या दोघांसाठी निर्णायक शर्यत ठेवण्यात आली. सुरुवातीलाच लँग्टनकडून आरंभरेषेवरील फिती तुटल्या. नियमाप्रमाणे तो बाद होऊन अजिंक्यपद व्हॅन प्रागच्या पदरात आयते पडत होते. परंतु असा विजय नको, शर्यत पुन्हा व्हावी, असा व्हॅन प्रागने आग्रह धरला. दुसऱ्या वेळी लँग्टन आरंभापासून पुढे राहिला. शेवटच्या वेढ्याच्या शेवटच्या वळणावर व्हॅन प्राग एका चिंचोळ्या फटीतून आत घुसला आणि चाकाहूनही कमी अंतराने जिंकला. पहिल्या वळणावर जो पुढे असेल त्याला जिंकू द्यावयाचे व बक्षीस वाटून घ्यावयाचे, असे दोघांत आधीच ठरले होते आणि वचन मोडल्याबद्दल व्हॅन प्रागने लँग्टनला पन्नास पौंड दिले, असा प्रवाद नंतर पसरला. तो खरा असो वा नसो, पहिल्या जगज्जेत्याच्या कीर्तीला तो कायमचा चिकटला.

पुढे १९३८ मध्ये विल्किन्सनला त्याचे अजिंक्यपद मिळाले. आदल्याच दिवशी गळपट्टीचे हाड मोडले असतानाही तो वेम्बलीच्या रिंगणात उतरला आणि जिंकला. परंतु १९४० मध्ये सिडनी येथे रस्त्यावरील अपघातात तो मरण पावला. तेव्हा त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. व्हॅन प्राग युद्धकाळात वैमानिक झाला. १९४२ मध्ये जपान्यांनी त्याचे विमान सुंबा बेटाजवळ समुद्रात पाडले, तेव्हा सोबत्यांसह त्याने सुमारे तीस तास पाण्यात काढले. त्या शौर्याबद्दल त्याला जॉर्ज पदक मिळाले.

युद्धामुळे खंडित झालेली ही स्पर्धा १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा गाठीच्या गुणांची पद्धत टाकून देण्यात आली होती. त्या वर्षी पहिल्या तिघांचे गुण पुन्हा पंधरा, चौदा आणि तेरा असेच होते. या वेळी मात्र पंधरा गुण मिळविणारा टॉमी प्राइस जगज्जेता झाला.

तथापि, १९३६ च्या नियमामागील प्रश्न काही टळला नाही. पुढे कित्येक दशके अजिंक्यपद प्रायः एकाच अंतिम सामन्यात ठरत असे. १९९५ पासून ते मोसमभराच्या अनेक फेऱ्यांतील गुणांच्या बेरजेवर ठरू लागले. म्हणजे सातत्याला मान देण्याचा तो जुना विचार अखेरीस स्वीकारला गेला. पण प्रत्येक फेरीचा विजेता वेगळा आणि वर्षाचा विजेता वेगळा, असा भेद त्यात स्पष्ट राहिला. वेम्बलीला हे दोन मान एकाच तागडीत घातले गेले होते. नियम सर्वांनी आधीच मान्य केलेला असल्यामुळे विल्किन्सनवर अन्याय झाला असे कायद्याने म्हणता येत नाही. पण त्या रात्री त्याला पाठीमागे टाकणारा स्वार वेम्बलीच्या रिंगणात नव्हता, हेही तितकेच खरे.