मनोभौतिकी

मनोभौतिकी : उद्दीपकाची भौतिक तीव्रता आणि त्यातून उद्भवणारे वेदन यांच्यातील परिमाणात्मक संबंधांचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा.

लाइपसिक येथील शरीरक्रियावैज्ञानिक एर्न्स्ट हाइन्रिख वेबर (१७९५–१८७८) यांनी १८३४ मध्ये असे दाखवले की, जेमतेम जाणवणारा फरक, म्हणजेच भेद-अवसीमा, मूळ उद्दीपकाच्या ठरावीक प्रमाणात असतो. उचललेल्या वजनांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे १/४० असल्याने ४० ग्रॅममध्ये १ ग्रॅमची वाढ जाणवते, परंतु ८० ग्रॅममध्ये २ ग्रॅमची भर आवश्यक ठरते. वेबर यांची व्याख्याने ऐकलेले भौतिकीविज्ञ गुस्टाफ टेओडोर फेक्नर (१८०१–८७) यांनी या निष्कर्षाला गणिती रूप देऊन, वेदनाची तीव्रता उद्दीपकाच्या लॉगरिथमच्या प्रमाणात वाढते, असा नियम १८६० मधील ग्रंथात मांडला (पहा : वेबर-फेक्नर नियम).

सीमा पद्धती, स्थिर उद्दीपक पद्धती आणि सरासरी प्रमाद पद्धती या फेक्नर यांनी सुव्यवस्थित केलेल्या तीन मापनपद्धती होत.

व्हिल्हेल्म व्हुंट यांनी लाइपसिक येथे १८७९ मध्ये स्थापन केलेल्या प्रयोगशाळेत या पद्धती वापरल्या गेल्या. फेक्नर यांच्या ग्रंथाच्या प्रेरणेने हेर्मान एबिंगहाउस यांनी मापनाची कक्षा स्मरणापर्यंत वाढवली (१८८५, पहा : स्मृति व विस्मृति). विल्यम जेम्स यांनी मात्र वेदनांच्या मापनीयतेवरच आक्षेप घेतला (पहा : कार्यवाद). मानसिक घटना मोजता येतात, हे प्रायोगिक मानसशास्त्राचे गृहीतक या परंपरेतून दृढ झाले.